लोहचुंबकाची हंडी : गोव्यातले चार दिवस

दिवस पहिला

सकाळी सहाच्या एसटीने कोल्हापूर सोडलं. मोठी बॅग वरच्या फळीवर टाकली, पण एक कापडी पिशवी मांडीवरच ठेवली. तिच्यात तीन गोष्टी होत्या. विल्यम गिल्बर्टच्या ‘दे माग्नेते’ या चुंबकावरच्या ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर, सोळाव्या शतकात गोव्यात राहिलेल्या पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ताच्या ‘कोलोकियुश’चं १९१३ सालचं इंग्रजी भाषांतर (दोन्हींच्या झेरॉक्स काढून मी घरीच बांधल्या आहेत), आणि मलमलच्या तुकड्यात गुंडाळलेला मायकेल फॅरेडेचा एक शोधनिबंध. हा मात्र अस्सल, १८३२ साली लंडनला छापलेला.

तीस वर्षं कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं, आणि त्यातली वीसेक वर्षं वीज आणि चुंबकत्वावरचे जुने निबंध त्यांच्या पहिल्या छापील रूपात मिळवायच्या मागे आहे. लोक विचारतात, पुस्तकंच का नाही जमवत? या विषयातल्या मोठ्या गोष्टी आधी पुस्तकात आल्याच नाहीत, म्हणून. व्होल्टाने आपल्या विद्युत्घटाची हकीकत २० मार्च १८००ला कोमोहून लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना पत्राने कळवली. ते पत्र सोसायटीच्या ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’मध्ये फ्रेंचमध्येच छापलं गेलं. कोपनहेगनच्या ओर्स्टेडने २१ जुलै १८२०ची तारीख घालून चार पानांचं लॅटिन पत्रक काढलं आणि युरोपभरच्या विद्वानांना धाडून दिलं. वीज वाहणाऱ्या तारेजवळ चुंबकसुई हलते, एवढीच बातमी. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आरागो या फ्रेंच शास्त्रज्ञाने ती पॅरिसच्या अकादमीत सांगितली आणि १८ सप्टेंबरला अँपिअर आपलं पहिलं टिपण वाचायला उभा राहिला. दोन महिनेसुद्धा झाले नव्हते! त्या चार पानांची मूळ प्रत माझ्यासारख्याच्या आयुष्यात हाताला लागणं कठीण आहे, तरी ती आहे एवढ्या विचारानेही मला बरं वाटतं.

माझा संग्रह लहान आहे. फॅरेडेच्या संकलित संशोधनाचा १८४४ सालचा दुसरा खंड आहे. पहिला खंडही आहे, पण तो १८४९चा, म्हणजे दुसऱ्या आवृत्तीचा. आणि हा मांडीवरचा निबंध, ज्यात विद्युतप्रवर्तनाचा, म्हणजे चुंबकाने वीज निर्माण करण्याचा, शोध पहिल्यांदा छापला गेला. या प्रवासाचं निमित्त होतं फोंड्याच्या एका डॉक्टरांचं. आमची अकरा वर्षं पत्रापत्री आहे, भेट कधी झाली नव्हती. त्यांनी कळवलं होतं, "मॅक्सवेलचा १८६५चा निबंध माझ्याकडे आहे. पावसाळ्यात पेटी उघडत नाही. डिसेंबरात या."

आंबोलीला धुकं होतं, गाडी दिवे लावून चालली होती. पणजीला पोचेपर्यंत दुपार झाली. खोली घेतली, जेवलो आणि चर्चसमोरच्या बागेत जाऊन बसलो. बागेला गार्सिया द ओर्ताचंच नाव आहे. शेजारी दोन म्हाताऱ्या बायका कोकणीत कुणाच्या तरी लग्नाचं बोलत होत्या. मी झेरॉक्स उघडून ओर्ता वाचत बसलो.

संध्याकाळी जुन्या सचिवालयाशेजारच्या आब्बे फारियाच्या पुतळ्याकडे गेलो. रामचंद्र पांडुरंग कामतांनी केलेला हा पुतळा १९४५पासून तिथे आहे. खाली पडलेली बाई आणि तिच्यावर हात पसरलेला फारिया. माझ्या विषयाशी त्याचा संबंध आडून आहे, पण आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी पॅरिसमध्ये मेस्मरने ‘प्राणिज चुंबकत्वा’चं खूळ माजवलं होतं. माणसांतून एक चुंबकी द्रव वाहतो, तो अडला की आजार होतो, असं तो म्हणे. १७८४मध्ये राजाने चौकशी समिती नेमली. तिच्यात रसायनशास्त्रज्ञ लाव्हॉइझिए होता आणि विजेवर काम केलेला बेंजामिन फ्रँकलिनही. डोळे बांधलेल्या एका पोराला झाडांजवळ नेऊन त्यांनी तपासलं आणि तसा काही द्रव नाही असा निकाल दिला. मग मेस्मरवाल्यांच्या हाताखाली माणसं झोपी का जातात? याचं उत्तर कांदोळीत १७५६ साली जन्मलेल्या या पाद्रीने दिलं. जे काय घडतं ते झोपणाऱ्याच्या मनात घडतं, चुंबकाचा त्यात काही भाग नाही. त्याचं पुस्तक १८१९ साली पॅरिसला निघालं आणि त्याच वर्षी तो वारला. पुढच्याच उन्हाळ्यात ओर्स्टेडचं पत्रक आलं. चुंबकाच्या नावावर खपणारी एक गोष्ट बाजूला झाली आणि लगेच खरी गोष्ट सापडली, हे मला त्या पुतळ्यासमोर उभं राहिल्यावर पहिल्यांदा एका ओळीत दिसलं.

दिवस दुसरा

सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भोंग्याने जाग आली. भाजी-पाव खाल्ला आणि जुन्या गोव्याची बस धरली.

पर्यटक बॉं जेझूच्या चर्चपाशी उतरतात. मी आधी सेंट पॉल कॉलेजची कमान गाठली. कॉलेज गेलं, दर्शनी भिंतीचा एवढाच तुकडा उरला आहे, काळ्या आणि जांभ्या दगडाचा, दोन्ही अंगांना गवत. ६ सप्टेंबर १५५६ला ॲबिसिनियाला निघालेला एक छापखाना गोव्यात उतरला, इथेच राहिला आणि याच कॉलेजात त्याचं काम सुरू झालं. हिंदुस्थानातली छपाई इथून सुरू होते. मी कमानीच्या सावलीत बसलो आणि ज्यासाठी दोन्ही झेरॉक्स आणल्या होत्या ते काम केलं. दोन्ही पुस्तकं शेजारी शेजारी उघडली.

ओर्ताचं पुस्तक गोव्यातच छापलं गेलं, १० एप्रिल १५६३ला, योहानेस द एंदेंच्या हातून. औषधी वनस्पती आणि खनिजांवरचे संवाद आहेत ते. छपाई इतकी चुकांची की मागे पानंच्या पानं शुद्धिपत्र जोडावं लागलं. चार वर्षांनी, १५६७मध्ये, क्लुसियस नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने अँटवर्पला त्याचा लॅटिन संक्षेप काढला आणि पुस्तक युरोपभर गेलं. आता गिल्बर्ट बघा. लंडन, १६००. चुंबकावरचा पहिला खरा प्रयोगशील ग्रंथ. पृथ्वी हाच एक मोठा चुंबक आहे हे त्याच पुस्तकात आहे, आणि घासलेल्या अंबरासारख्या पदार्थांना ‘इलेक्ट्रिका’ हे नावही तिथलंच. त्याच्या पहिल्या भागात, चुंबकाच्या औषधी गुणांबद्दल लोक काय काय सांगतात ते लिहिताना गिल्बर्ट ओर्ताचा हवाला देतो. लोहचुंबक थोडा पोटात घेतला तर तारुण्य टिकतं असं पूर्वेकडे मानतात, म्हणून सिंहलच्या म्हाताऱ्या राजाने आपलं जेवण शिजवायला चुंबकदगडाची भांडी करवून घेतली. ज्याला ती करायचा हुकूम झाला, त्याच माणसाने ही गोष्ट ओर्ताला सांगितली होती. गिल्बर्ट ओर्ताचं नाव लॅटिन वळणाने लिहितो, क्लुसियसच्या पुस्तकात आहे तसंच.

म्हणजे कुणा कारागिराने ओर्ताला एक गोष्ट सांगितली. ती गोव्यात छापली गेली, अँटवर्पला लॅटिन झाली आणि सदतीस वर्षांत चुंबकशास्त्राच्या पहिल्या ग्रंथात जाऊन बसली. गोष्ट खोटी आहे, चुंबकाच्या हंडीत शिजवलेल्या भाताने कुणी तरणा होत नाही. पण गिल्बर्टला अशा गोष्टी हव्याच होत्या, ताडून बघायला. हिऱ्यावर घासलेलं लोखंड उत्तरेकडे वळतं असं कुणी लिहिलेलं वाचून त्याने साक्षीदारांदेखत पंचाहत्तर हिरे तपासले होते. ऐकीव गोष्टी आधी छापून समोर आल्या, म्हणून तर तपासता आल्या.

गिल्बर्टच्या पहिल्या आवृत्तीची एक खूण मला फार आवडते. १६००च्या बहुतेक सगळ्या प्रतींमध्ये छपाईतल्या काही चुका शाईने, हाताने दुरुस्त केलेल्या आहेत. पुस्तक विकायला बाहेर पडण्याआधी कुणीतरी एकेक प्रत उघडून बसलं असणार. इकडे ओर्ताचं लांबलचक शुद्धिपत्र, तिकडे गिल्बर्टचे शाईचे फराटे. पहिल्या आवृत्तीत माणसं अजून चुका पुसत असतात, तीच मला बघायची असतात.

दुपारी पुरातत्त्व खात्याच्या संग्रहालयात गेलो ते एकाच चित्रासाठी. तिथे व्हाइसरॉय आणि गव्हर्नरांची तैलचित्रं आहेत, त्यात दों जुआंव द काश्त्रू. शाळेच्या इतिहासात तो दीवच्या वेढ्यापुरता येतो. पण १५३८ साली लिस्बनहून गोव्याला येताना पेद्रू नुनिश या पोर्तुगीज गणित्याने योजलेलं सावलीचं यंत्र घेऊन तो वाटेत होकायंत्राचा कल मोजत आला होता. सुई खऱ्या उत्तरेपासून किती ढळते याच्या नोंदी त्याने पुढेही ठेवल्या, आपला पश्चिम किनारा आणि तांबड्या समुद्रातल्याही. वसईच्या आसपास सुई भलतीच वागायला लागली, तेव्हा त्याने दोष पाण्याखालच्या खडकांना दिला. सह्याद्रीच्या काळ्या खडकात मॅग्नेटाइट असतं हे मी दरवर्षी वर्गात सांगतो. पोरांनी प्रॅक्टिकलला होकायंत्र दगडावर ठेवलं की ते आमच्याकडेही असंच भरकटतं.

काश्त्रू १५४८मध्ये गोव्यातच वारला. त्याची लिस्बन-गोवा प्रवासाची रोजनिशी छापून आली १८८२ साली. मधली साडेतीनशे वर्षं त्या मोजण्या हस्तलिखितात पडून होत्या. ओर्ताची ऐकीव हंडी लंडनला पोचली, कारण ती छापली गेली. काश्त्रूच्या मोजलेल्या नोंदींना छापखाना मिळाला नाही. त्या चित्रासमोर मला खरंच वाईट वाटलं.

दिवस तिसरा

फोंड्याहून म्हार्दोळच्या बाजूला डॉक्टरांचं घर. मागे सुपारी-नारळाचं कुळागर, पुढे तुळशीवृंदावन, अंगणात सुपाऱ्या वाळत घातलेल्या. डॉक्टर एक्याऐंशी वर्षांचे, पण पायऱ्या उतरून फाटकापर्यंत आले. "सर, अकरा वर्षं अक्षर बघतोय तुमचं. माणूस आज बघितला." काकूंनी लगेच पाणी आणि गूळ पुढे केला.

जेवणाआधी पेटी उघडायची नाही, असं त्यांनीच ठरवून टाकलं. सोमवार होता, खतखतं होतं, उकड्या तांदळाचा भात आणि सोलकढी. मग हात साबणाने धुऊन, पुसून, वाळवून आम्ही माडीवर गेलो.

पेटी शिसवी. आत प्रत्येक वस्तू पोथीसारखी तांबड्या कापडात, आणि कापडाच्या घड्यांत वेखंडाचे तुकडे. चार महिने पावसाच्या गावात कागद टिकवायचा म्हणजे सोपं नाही. कसर आणि बुरशी दोन्ही टपलेल्या असतात. डॉक्टर दर डिसेंबरात सगळं बाहेर काढतात, सावलीत वारा देतात आणि परत बांधून ठेवतात. नॅफ्थलीनच्या गोळ्या त्यांनी कधी वापरल्या नाहीत, त्याचा वास कागदातून जात नाही म्हणून.

त्यांनी मॅक्सवेल माझ्या हातात दिला. ‘अ डायनॅमिकल थिअरी ऑफ द इलेक्ट्रोमॅग्नेटिक फील्ड’. ८ डिसेंबर १८६४ला वाचलेला आणि ट्रान्झॅक्शन्सच्या १५५व्या खंडात छापलेला, पानं ४५९ ते ५१२. मी पहिल्यांदा तो आकड्यांचा भाग काढला. वेबर आणि कोलराउश यांच्या विजेच्या मोजमापांवरून विद्युत-चुंबकीय लहरीचा वेग येतो सेकंदाला ३१,०७,४०,००० मीटर. प्रकाशाचा वेग फिझोने मोजला ३१,४८,५८,०००, फुकोने २९,८०,००,०००. आज पुस्तकात आपण एकच आकडा देतो आणि पोरं पाठ करतात. इथे तीन आकडे एका ठिकाणी आहेत, एकमेकांशी नीट जुळतही नाहीत, आणि एवढ्या जवळिकीवर हा माणूस म्हणतो की प्रकाश म्हणजे विद्युत-चुंबकीय लहर आहे. समीकरणंही आज शिकवतो ती चार नव्हेत, वीस आहेत. मी किती वेळ वाचत होतो कोण जाणे. डॉक्टर एक शब्द बोलले नाहीत.

मग मी प्रत बघायला लागलो, आणि माझ्या लक्षात आलं.

डॉक्टरांनी हा निबंध तीस वर्षांपूर्वी लंडनच्या एका विक्रेत्याकडून टपालाने मागवला होता, ‘ऑफप्रिंट’ म्हणून. ऑफप्रिंट म्हणजे लेखकाला मित्रांना वाटायला मिळत ती सुटी प्रत, तिला स्वतःचं वेष्टन असतं. मॅक्सवेलने स्वतः कुणाला तरी दिलेली प्रत, या श्रद्धेने त्यांनी ती तीस वर्षं जपली होती. पण पाठीला जुन्या सरसाचा पापुद्रा होता. घडीत जाड शिवणीची भोकं होती. आणि पानांच्या तिन्ही कडांवर बारीक लाल शिंतोडे होते, बांधलेल्या जाड ग्रंथाच्या कडांवर बाइंडर उडवायचे तसे. ही सुटी प्रत नव्हतीच. कुणीतरी पूर्ण खंड उसवून त्यातून हा निबंध काढला होता.

सांगावं की नाही? मी पिशवीतून माझा फॅरेडे काढला आणि मॅक्सवेलशेजारी ठेवला. त्याच्या पाठीलाही तोच पापुद्रा, तशीच भोकं. म्हटलं, "डॉक्टरसाहेब, माझाही असाच आहे. दोन्ही खंडातून काढलेले आहेत."

त्यांनी भिंग आणलं. कडा बघितल्या, भोकं मोजली. बराच वेळ गेला. मला वाटलं पैशांचं मनात आलं असेल, कारण ऑफप्रिंटच्या मानाने अशा फाडीव प्रतीला किंमत फारच कमी. ते म्हणाले, "म्हणजे बाकीचा खंड कुठे आहे?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. विक्रेते असं करतात. पूर्ण खंडाला गिऱ्हाईक नसतं, नावाजलेला एक निबंध सुटा काढला की चांगले पैसे येतात आणि उरलेलं रद्दीत जातं. त्या खंडात इतर लोकांचेही निबंध होते, वर्षभराचं काम. माझा फॅरेडे मी घेतला तेव्हा यातलं काही मला ठाऊक नव्हतं. नंतर कळलं, तरी मी तो अभिमानाने दाखवत राहिलो. आता यापुढे उसवलेला निबंध विकत घ्यायचा नाही, हे त्या माडीवर ठरवलं. पूर्ण खंड परवडला तर घ्यायचा, नाहीतर ग्रंथालयात जाऊन वाचायचा.

डॉक्टरांनी पेन्सिल घेतली आणि आम्ही दोन चिठ्ठ्या लिहिल्या, काय आहे, कुठून काढलेलं आहे, कशावरून ठरवलं. त्यांनी त्यांची चिठ्ठी मॅक्सवेलच्या शेवटच्या पानाशी ठेवली आणि तांबडं कापड परत बांधलं.

रात्री ओसरीवर मी काश्त्रूची गोष्ट काढली, छापलं गेलं नाही म्हणून मागे राहिलं असं म्हणालो. डॉक्टरांना ते पटलं नाही. "आपल्या ‘क्रिस्तपुराणा’चं काय? १६१६ला इथे रायतूरला छापलं. फादर स्टीफन्सची मराठी ओवी. त्याची छापील प्रत दाखवा मला एक तरी." खरंच आहे. त्या काळातल्या कुठल्याच आवृत्तीची छापील प्रत आज माहीत नाही. ग्रंथ वाचला तो लोकांनी हाताने उतरवून घेतला म्हणून. "छापलेलं पोचतं, लिहिलेलं राहतं," काकू आतून म्हणाल्या. त्यावर आम्ही दोघंही काही बोललो नाही.

दिवस चौथा

निघायच्या आधी डॉक्टरांनी आणखी एक वस्तू काढली, जिच्याबद्दल अकरा वर्षांत एकदाही लिहिलं नव्हतं. त्यांचे वडील पणजीच्या एस्कोला मेदिकात, म्हणजे वैद्यकीय विद्यालयात, शिकले. भौतिकशास्त्राला गानोचं फ्रेंच पाठ्यपुस्तक वापरलेलं. ते पुस्तकही पेटीत आहे. पहिली आवृत्ती १८५१ची, ही बरीच नंतरची आणि पाठ गेलेली, बाजारात त्याला काही भाव येणार नाही. सोबत एक वही आहे. गावातल्या मुलांना शिकवायला म्हणून वडिलांनी त्या पुस्तकातला विजेचा भाग मराठीत उतरवायला घेतला होता. बाळबोध अक्षर, फिकट झालेली निळी शाई. वीज साठवायच्या लेडन जारला त्यांनी ‘विजेची बरणी’ म्हटलंय आणि शेजारी काढलेली बरणी अगदी लोणच्याची आहे, झाकणातून साखळी सोडलेली. वही व्होल्टाच्या घटापाशी थांबते. पुढची पानं कोरी.

मी सगळी पानं मोबाइलवर टिपली, कोरीसुद्धा, कुठे थांबलं ते कळावं म्हणून. काकूंनी आंबाड्याच्या लोणच्याची बाटली बांधून दिली. पणजीला वेळ होता तेवढा पाट्टोच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात गेलो, खाजगी संग्रहातली वही तिथे कशी सोपवता येते ते विचारलं आणि डॉक्टरांसाठी सगळं कागदावर उतरवून घेतलं.

सावंतवाडी गेल्यावर फोटो बघत बसलो. शेवटून तिसऱ्या पानाचा फोटो हलला होता, खालच्या दोन ओळी लागत नव्हत्या. फोन केला. डॉक्टर वामकुक्षी घेत होते. काकू म्हणाल्या, थांबा, आणते. जिन्यावरची पावलं ऐकू आली, पेटीची कडी वाजली. गाडी आंबोलीचा घाट चढत होती आणि रेंज जात-येत होती. मग त्यांचा आवाज आला, एकेक शब्द सुटा, पोथी वाचावी तसा.

"आधी जस्ताची चकती. मग तांब्याची. मग मिठाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं. मग परत जस्त."